कासवी नजरेनं अंडी उबवते का?

'कासवी दूर समुद्रात राहून नुसत्या नजरेनं अंडी उबवते, पिलं वाढवते.' कोल्हापुरात देवळातल्या दगडी कासवाला नमस्कार करताना हे आपण आजीकडून ऐकलं. आता तेच मोबाईलवर फिरतं. मायेची उपमा म्हणून कल्पना सुंदरच आहे, पण प्रत्यक्षात घडतं ते वेगळं.

कोकणात येणारी ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवी रात्री वाळूत हात-दीड हात खोल खड्डा करते, शंभरेक अंडी घालते, मागच्या पायांनी वाळू सारून दाबते आणि तासाभरात समुद्रात परतते. ती पुन्हा त्या घरट्याकडे येत नाही. मग ऊब कुठून? वाळूतून. उन्हानं तापलेली वाळू ४५ ते ६० दिवस अंडी उबवते. इतकंच नव्हे, वाळू जास्त गरम असेल तर माद्या जास्त, थंड असेल तर नर जास्त निपजतात.

पडताळायचं असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणीला किंवा रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला जा. तिथं अंडी मूळ जागेवरून हलवून कुंपणात पुरतात. आईला नवी जागा ठाऊकही नसते, तरी वाळू थरथरते, खचते आणि दोन बोटांएवढी काळपट पिलं वर येऊन आपली आपण लाटांकडे सरकू लागतात.