डाळिंबाचा रस आणि हृदयवाहिनी-आरोग्य

डाळिंबाच्या (प्युनिका ग्रॅनॅटम) रसातील पॉलिफिनॉल वर्गाच्या संयुगांचा हृदय व रक्तवाहिन्यांवर होणारा परिणाम. आधुनिक संशोधनात हा विषय मुख्यतः 2000 सालापासून पुढे आला. चरकसंहितेच्या हृद्य (हृदयाला हितकर किंवा मनाला रुचणाऱ्या) गणातील दहा द्रव्यांत दाडिमाचा, म्हणजे डाळिंबाचा, समावेश आहे. या संहितेचे आजचे रूप इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतले असावे, असे सर्वसाधारणपणे मानतात. मात्र आंबा, करवंद, बोर, महाळुंग अशी बहुतांशी आंबट फळेच त्या गणात आहेत. त्यामुळे रोहिण्यांच्या (हृदयाकडून रक्त वाहून नेणाऱ्या वाहिन्यांच्या) विकारावरील औषधाचा दाखला म्हणून हा उल्लेख पुढे करणे सयुक्तिक वाटत नाही.

रसाचा लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यांमुळे येतो. डेल्फिनिडीन, सायनिडीन व पेलार्गोनिडीन यांची ग्लुकोसाइडे (साखरेशी जोडलेली रूपे) त्यात असतात. ऑक्सिडीकरणाला विरोध करण्याची या रसाची क्षमता मात्र बरीचशी प्युनिकॅलाजीन या टॅनिनामुळे (तुरट चवीच्या संयुगामुळे) येते आणि हे टॅनीन प्रामुख्याने सालीत असते. 2000 साली स्पेनमधील संशोधकांनी केवळ दाण्यांचा रस आणि अख्खे फळ दाबून काढलेला कारखानी रस यांची तुलना केली. कारखानी रसाची क्षमता अधिक भरली, कारण दाबताना सालीतील टॅनिने रसात उतरतात. चाचण्यांचे निष्कर्ष वाचताना हा फरक फार महत्त्वाचा आहे. सोलापूर भागातील ‘भगवा’ डाळिंब सोलून, दाणे काढून घरी केलेला रस आणि परदेशी चाचण्यांतला कारखानी रस एकच समजून चालणार नाही.

प्युनिकॅलाजीन जसेच्या तसे रक्तात आढळत नाही. आतड्यात त्याचे एलॅजिक अम्ल होते आणि तेथील सूक्ष्मजीव त्यापासून युरोलिथिने ही रक्तात शोषली जाणारी संयुगे बनवतात. सर्वांच्या आतड्यात ती सारखी तयार होत नाहीत. काहींच्यात तर होतच नाहीत. एकाच रसाचा गुण माणसागणिक वेगळा येण्यामागे हेही एक कारण असावे.

रोहिण्यांच्या भित्तींच्या जाडीबाबत मतभेद आहेत. इझ्राएलमधील हैफा येथे मायकेल अविराम व सहकाऱ्यांनी मानेतील रोहिणी अरुंद झालेल्या 10 रुग्णांना रोज रस दिला. वर्षभरात भित्तीची जाडी 30 टक्क्यांपर्यंत कमी झाल्याचे त्यांनी 2004 मध्ये नोंदवले. पुढे अमेरिकेत 289 जणांना 18 महिने रोज 240 मिली. रस किंवा त्यासारखे दिसणारे पेय देऊन मोठी चाचणी झाली. रसविक्रेत्या कंपनीनेच निधी दिलेल्या या चाचणीचे निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. एकूण गटात जाडी वाढण्याच्या वेगात लक्षणीय फरक आढळला नाही. काही उपगटांत तो दिसला. उपगटांचे निष्कर्ष मागाहून काढलेले असल्याने मोठ्या चाचणीचा मुख्य निष्कर्षच ग्राह्य धरणे योग्य. रस हृदयविकारावर उपयुक्त असल्याच्या जाहिरातींवरून ‘पॉम वंडरफुल’ या रसविक्रेत्या कंपनीविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या व्यापार आयोगाने 2010 मध्ये कारवाई सुरू केली. 2013 चा आयोगाचा आदेश अपील न्यायालयाने 2015 मध्ये बहुतांशी कायम ठेवला.

रक्तदाबाबाबत पुरावा काहीसा बरा आहे. 2017 मधील आठ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात आकुंचनी (वरचा) दाब सरासरी सुमारे 5 मिमी. पाऱ्याइतका कमी दिसला. कोलेस्टेरॉलवर मात्र ठळक परिणाम आढळलेला नाही. हृदयविकाराचा झटका किंवा मृत्यू टळतो, असे दाखवणारी मोठी चाचणी झालेली नाही. रक्तदाबाची गोळी बंद करून रस घेण्याला म्हणूनच काहीही आधार नाही.

ग्रेपफ्रूटचा रस फेलोडिपीन या रक्तदाबावरील औषधाचे रक्तातील प्रमाण वाढवतो, हे कॅनडात 1989 च्या सुमारास लक्षात आले. डाळिंबाच्या रसाबाबतही प्रयोगशाळेत तशी शंका आली होती, पण मिडॅझोलॅम या गुंगी आणणाऱ्या औषधावरील मानवी चाचणीत तसा परिणाम दिसला नाही. रसात पोटॅशियम बऱ्यापैकी असल्याने मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांनी वैद्यकीय सल्ला घ्यावा. 100 मिली. रसात साधारण 12 ते 13 ग्रॅम साखर असते. मधुमेहींनी ती आहारात मोजावी.