स्टॅबिलायझर, टॉर्शन बार, स्वे बार: सीमाभागातील सस्पेन्शन-बदलाची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या पट्ट्यात स्पोर्ट्स कार किंवा त्या धाटणीची जलद गाडी बाळगणाऱ्यांच्या तक्रारींत एक प्रकार पुन्हा पुन्हा आढळतो. स्प्रिंग आणि शॉकअप बदलून झालेले असतात, जाड स्वे बारही (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा, वळणात गाडीचा कल रोखणारा दांडा) बसवलेला असतो, आणि तरीही एका चाकाखाली खड्डा आला की पुढून खटखट येते किंवा पावसात घाट उतरताना गाडीचे नाक वळणाबाहेर सरकू लागते. यात सुट्या भागांचा दर्जा, रस्ते आणि चालवण्याची पद्धत या साऱ्यांचा वाटा आहे. परंतु या भागापुरते बोलायचे तर गोंधळाचे मूळ बऱ्याच अंशी ‘स्टॅबिलायझर’ या एका शब्दात आहे, आणि तो शब्द आपल्याकडे कसा आला हे पाहिल्याशिवाय आजच्या चुका नीट कळत नाहीत.

स्वे बारचा दूरचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या फ्रेडरिक्टन येथील एका संशोधकाला २२ एप्रिल १९१९ रोजी त्याचे पेटंट मिळाले. पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन मिळाल्यावर वळणात गाडी कलण्याचे प्रमाण वाढले आणि हा दांडा सर्वसाधारण गाड्यांत रुळला. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला उभा खांब) आला, तेव्हा त्याच्या मूळ रचनेत हाच दांडा खालच्या आर्मचा, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी खालून जोडणाऱ्या भुजेचा, अर्धा भाग म्हणूनही काम करत असे. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरतो.

आपल्याकडे पीळ खाणारा दांडा प्रथम ओळखीचा झाला तो अॅम्बेसेडरमुळे, आणि तो स्वे बार नव्हता. अॅम्बेसेडरच्या पुढच्या बाजूला कॉइल स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार होते आणि मागे पाटे. गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेला हा टॉर्शन बार प्रत्येक चाकाला वेगळा असतो आणि गाडीचे वजन तोच पेलतो; तो काढला तर गाडी त्या बाजूला बसते. गाडी पुढून खाली आली की टॉर्शन बार चढवून उंची वाढवायची, हे जुन्या मेस्त्रींचे नेहमीचे काम होते, आणि डाव्या बाजूचा बार उजवीकडे बसवायचा नाही, कारण त्याला एकाच दिशेने पीळ घेण्याची सवय दिलेली असते, हेही त्यांना पक्के माहीत होते. पुढे टॉर्शन बारवर चालणाऱ्या जीपवर्गातल्या गाड्या आल्या. त्यांत वजन पेलणारे दोन बार आणि कल रोखणारा तिसरा, असे तिन्ही एकाच गाडीखाली दिसू लागले आणि तिघांचीही नावे एकमेकांत मिसळली.

दुसरा गुंता १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० ने निर्माण केला. या गाडीत मॅकफर्सन स्ट्रटची तीच जुनी रचना होती. आडवा जाणारा खालचा आर्म एकेरी, आणि चाकाला पुढे-मागे सरकू न देण्याचे काम स्वे बारच्या टोकांकडे. म्हणजे इथे तो दांडा कल रोखतो आणि चाकाची जागाही राखतो. त्याचे बुश (सांध्यातले रबरी आवरण) झिजले की ब्रेक दाबताना चाक मागे सरकते, स्टिअरिंग एका बाजूला ओढते आणि अलाइनमेंट कितीही वेळा केले तरी टिकत नाही. या भागातल्या गॅरेजांत ‘स्टॅबिलायझर’ हा शब्द स्थिरावला तो या गाडीमुळे, आणि त्याचा अर्थही तिथेच ठरला: ज्याच्या झिजण्याने गाडी सरळ चालत नाही, तो स्टॅबिलायझर. कानडी बोलणारा मेस्त्री आणि मराठी बोलणारा मालक यांच्यात हा शब्द सामाईक होता, त्यामुळे त्याचा अर्थ तपासून पाहण्याची वेळ कोणावर आली नाही.

नंतरच्या गाड्यांत खालचा आर्म एल आकाराचा झाला आणि चाकाची जागा तोच राखू लागला. स्वे बार त्या कामातून मोकळा झाला आणि दोन्ही टोकांना बॉल जॉइंट असलेल्या लिंकने स्ट्रटला किंवा आर्मला जोडला गेला. आता तो काढून ठेवला तरी गाडी सरळ चालते, फक्त वळणात अधिक कलते. पण शब्द तोच राहिला. परिणामी दोन उलट चुका शेजारी शेजारी रुजल्या. एकीकडे गाडी सरळ चालत नाही म्हणून बार बदलण्याचा सल्ला दिला जाऊ लागला, जेव्हा दोष आर्मच्या बुशमध्ये असे. दुसरीकडे ‘बार काढला तरी काही होत नाही’ हा नव्या गाड्यांवरचा अनुभव जुन्या रचनेच्या गाडीवरही लावला जाऊ लागला, आणि हे सरळ धोक्याचे आहे. एका मोठ्या उत्पादकाच्या माहितीपत्रकांत याच दांड्याला ‘टॉर्शन टाइप रोल कंट्रोल डिव्हाइस’ असे भारदस्त नाव दिले गेले, त्याने तर टॉर्शन बारची जुनी आठवण पुन्हा चाळवली. ‘स्वे बार’ हा अमेरिकी शब्द आणि ‘अँटी-रोल बार’ हा ब्रिटिश शब्द नंतर सुट्या भागांच्या खोक्यांवरून आले. ते वेगळ्या वस्तू असल्याचे समजणारे मालक आजही भेटतात. स्वे बार, अँटी-रोल बार आणि स्टॅबिलायझर बार ही एकाच वस्तूची तीन नावे आहेत, आणि टॉर्शन बार ही वेगळी वस्तू आहे. एवढे एक वाक्य गॅरेजच्या भिंतीवर लिहिले गेले असते तर अनेकांचे पैसे वाचले असते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

जलद गाड्यांचा ओघ या भागात २००० नंतर वाढला. २००१ मध्ये आयातीवरील संख्यात्मक निर्बंध उठले, देशात ऑक्टाव्हिया आरएससारख्या गाड्या मिळू लागल्या, पुढे २०१५ मध्ये अबार्थ पुंटो आली, आणि वापरलेल्या जर्मन स्पोर्ट्स कार मुंबई-पुण्याहून या बाजूला येऊ लागल्या. याच काळात पुणे-बंगळूर महामार्ग चौपदरी झाला. निपाणीजवळचा तवंदी घाट आणि बेळगावच्या उत्तरेचा वंटमुरी घाट यांत मोठ्या त्रिज्येची वळणे पूर्वीपेक्षा खूप अधिक वेगाने घेता येऊ लागली आणि गाडी कलण्याची जाणीव तीव्र झाली. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक गाड्यांची उंची खराब रस्त्यांसाठी वाढवलेली असते, तीही या कलण्यात भर घालते. म्हणून स्प्रिंग कापण्याऐवजी तयार आखूड स्प्रिंग, मग उंची बदलता येणारे कॉइलओव्हर (शॉकअपभोवती स्प्रिंग असलेली जोडणी) आणि त्यासोबत जाड बार, असा क्रम सुरू झाला.

जाड बारचा परिणाम मात्र डोळ्यांना दिसतो त्याहून फार मोठा असतो. दांड्याचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २० मिलिमीटरचा बार काढून २२ चा बसवला तर जाडी दहा टक्क्यांनी वाढते, पण ताठपणा सुमारे ४६ टक्क्यांनी. २२ वरून २५ वर गेले तर सुमारे ६७ टक्क्यांनी. पोकळ बारविषयीचा संशयही अनाठायी आहे, कारण आतली पोकळी बाहेरच्या व्यासाच्या ६० टक्के असली तरी ताठपणा ८७ टक्के राहतो आणि वजन ६४ टक्क्यांवर येते. मुख्य म्हणजे बार वळणातली वजनाची एकूण अदलाबदल कमी करत नाही. ती पुढच्या आणि मागच्या जोडीत कशी वाटली जाईल एवढेच ठरवतो. फक्त पुढचा बार जाड केला तर पुढची पकड आधी सुटते आणि नाक बाहेर जाते. फक्त मागचा केला तर शेपूट हलकी होते.

इथे सीमाभागाच्या रस्त्यांचा प्रश्न येतो. महामार्गावर जो ताठ बार सुखावतो, तोच जांबोटी-कणकुंबीमार्गे चोर्ला घाटात किंवा वेंगुर्ला रस्त्याने आंबोलीकडे जाताना नडतो. उखडलेल्या कडेच्या खड्ड्यात एक चाक गेले की बार तो धक्का दुसऱ्या चाकाकडे पोचवतो, गाडी आडवी डोलते, आणि ओल्या रस्त्यावर वळणाच्या आतल्या बाजूचे चाक नेमके पकड हवी असते तेव्हा हलके पडते. पावसाळ्यात या घाटांतून नियमित जाणाऱ्याने मूळ बार ठेवून चांगले शॉकअप आणि नवे बुश यांवर खर्च करावा, हे मत या टिपणात लपवलेले नाही.

खटखटीचे निदान याच गुणधर्मावर आधारता येते. रस्त्याच्या पूर्ण रुंदीच्या गतिरोधकावरून दोन्ही चाके एकदम चढली तर बार फारसा पिळवटत नाही, नुसता आपल्या बुशमध्ये फिरतो. एकच चाक खड्ड्यात गेले की लिंकवर जोर येतो. पहिल्या ठिकाणी शांतता आणि दुसऱ्या ठिकाणी आवाज असेल तर आधी लिंकचे बॉल जॉइंट आणि बारचे बुश पाहावेत. दोन्हीकडे आवाज असेल तर शॉकअपच्या वरच्या माउंटिंगपासून सुरुवात करावी. पॉलियुरेथेनचे बुश योग्य ग्रीसशिवाय बसवले तर करकरतात, आणि तो आवाज अनेकदा मोडका बार म्हणून ऐकला जातो. बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतील लेथवर लिंक, ब्रॅकेट आणि बुशची कवचे उत्तम होऊ शकतात, कारण कास्टिंग आणि मशिनिंगची परंपरा या शहराकडे आहे. बार मात्र स्प्रिंग स्टीलचा, हार्डनिंग आणि टेम्परिंग केलेला असतो. तुटलेल्या बारला वेल्डिंग केले की त्या जागचा गुण जातो आणि तो पुन्हा तिथेच किंवा शेजारी तुटतो. जाड बार बसवल्यावर त्याचे ब्रॅकेट ज्या पत्र्याला धरलेले असते तो पत्राही तपासला पाहिजे. बीएमडब्ल्यूच्या ई३६ पिढीत मागच्या बारच्या आधारापाशीच पत्रा फाटण्याची तक्रार सर्वज्ञात आहे.

कायद्याची बाजू अजून पूर्ण स्वच्छ नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२, २००० सालच्या दुरुस्तीनंतर, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील अशा फेरबदलाला मनाई करते. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात फेरबदल म्हणजे मूलभूत वैशिष्ट्य बदलणारा रचनेतला बदल, असे म्हटले आहे. केरळातील प्रकरणांवर ९ जानेवारी २०१९ रोजी लागलेल्या अंतिम निकालाने ही मनाई ठामपणे उचलून धरली, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा घातली. स्प्रिंगचा दर किंवा बारचा व्यास आर.सी. बुकात नोंदलेला नसतो, त्यामुळे जाड बार हा मूलभूत बदल ठरतो का, याचे उत्तर तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या वाचनावर राहते. कोल्हापूरच्या किंवा गोव्याच्या नोंदणीची गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ इकडे ठेवल्यास नवा क्रमांक घ्यावा लागतो, आणि तेव्हा हा प्रश्न हमखास समोर येतो. सुरक्षिततेच्या नावाखाली झिजलेला मूळ भाग चालतो आणि उत्तम दर्जाचा बदललेला भाग संशयास्पद ठरतो, ही स्थिती न्याय्य वाटत नाही.

अलीकडच्या तंत्राने हा दांडाच बदलत आहे. २००१ पासून बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सिरीजमध्ये हायड्रॉलिक मोटरने पिळला जाणारा बार आला, २०१६ मध्ये ऑडीच्या एसक्यू७ मध्ये ४८ व्होल्टवर चालणारा विजेचा, आणि मॅकलॅरेनच्या एमपी४-१२सी या स्पोर्ट्स कारमध्ये तर चारही शॉकअप तेलाच्या नळ्यांनी जोडून यांत्रिक बार पूर्णपणे वगळला गेला. या गाड्यांवर जाड बार बसवण्याचा विचारच संभवत नाही. इतर गाड्यांत मात्र जुनेच काम उरते: गाडी खाली आणल्यावर लांबी बदलता येणाऱ्या लिंक लावणे, आणि त्यांची लांबी गाडी जॅकवर असताना न ठरवता चाके जमिनीवर टेकलेली आणि चालकाच्या जागी माणूस बसलेला असताना ठरवणे, म्हणजे सरळ रस्त्यावर बारमध्ये पीळ शिल्लक राहत नाही.