ज्यांच्याकडे पाहायचं नाही, त्यांची चित्रं

हवाई बेटांवर वाढलेल्या मुलांना एक ताकीद लहानपणापासून पाठ असते. रात्री ढोल ऐकू आले, डोंगरउतारावरून मशालींची रांग येताना दिसली, तर पालथं पडायचं, डोळे मिटायचे आणि काही झालं तरी वर बघायचं नाही. ही 'हुआकाइ पो', म्हणजे रात्रीची मिरवणूक. मेलेले सरदार आणि योद्धे चांद्रमासातल्या ठरावीक रात्री आपल्या जुन्या वाटांनी चालत जातात, आणि त्यांना पाहणारा वाचत नाही. सुटका एकच. मिरवणुकीत त्याचा एखादा पूर्वज असला, तर तो आपलं माणूस ओळखून त्याला सोडवतो.

मला हा शेवटचा भाग फार महत्त्वाचा वाटतो. इथलं भूत परकं नसतं, ते कुणाचं तरी पणजोबा असतं. आणि ज्याच्याकडे बघायचंच नाही त्याचं चित्र काढायचं, तर डोळ्यांचा उपयोग नसतो. लहानपणी कानांनी जे साठवलं, तेवढंच चित्रकाराच्या हाती उरतं.

ते कानांवर पडत राहिलं, हेच मोठं. १८१९ मध्ये राजघराण्यानेच जुनी 'कापू' व्यवस्था, म्हणजे धार्मिक विधिनिषेधांची चौकट, मोडली. पुढच्याच वर्षी अमेरिकन मिशनरी येऊन पोचले. १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानी यांची सत्ता उलथवली गेली आणि १८९६ च्या कायद्याने शाळांमध्ये शिकवण्याचं माध्यम इंग्रजी झालं. हवाईयन बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होऊ लागली. गोष्टी मात्र आजी-आजोबांच्या तोंडी राहिल्या आणि हवाईयन भाषेतल्या वर्तमानपत्रांत क्रमशः छापल्याही गेल्या. ज्वालामुखीची देवी पेले हिची धाकटी बहीण हिइआका हिची दीर्घकथा १९०५-०६ मध्ये 'का नाइ आउपुनी' या पत्रात येत होती. लोहिआउ या मेलेल्या तरुणाचा भटकता आत्मा पकडून हिइआका तो मंत्र म्हणत पुन्हा त्याच्या देहात घालते, हा त्यातला प्रसंग. भूतकथा आणि प्रार्थना यांत तिथे फरकच करता येत नाही.

रंगवणारे हात मात्र सुरुवातीला बाहेरून आले. फ्रेंच चित्रकार ज्यूल्स ताव्हेर्निए १८८४ च्या अखेरीस हवाईत आला आणि रात्रीच्या अंधारात धगधगणारं किलाउएआ या ज्वालामुखीचं विवर रंगवू लागला. त्याच्याभोवती जमलेल्या चित्रकारांना 'व्होल्कॅनो स्कूल' म्हणतात. हवाईतल्याच हिलो शहरात जन्मलेला डेव्हिड हावर्ड हिचकॉक त्यांतलाच. त्यांची आग अस्सल आहे, पण बहुतेक चित्रांत ती निसर्गाचा चमत्कार म्हणूनच जळते. पुढे हिचकॉकने पेलेचं चित्र काढलं, ते गोऱ्या बाईसारखं दिसतं अशी टीका झाली.

मधल्या काळात भुतांची वस्तीही वाढली होती. १८८५ पासून उसाच्या मळ्यांवर जपानी मजूर मोठ्या संख्येने आले आणि त्यांच्याबरोबर 'ओबाके' ही जपानी भुतं आली. १९५९ मध्ये होनोलुलूच्या वाइआलाए ड्राइव्ह-इन थिएटरच्या प्रसाधनगृहात आरशासमोर केस विंचरणारी, चेहराच नसलेली बाई दिसली, ही कथा तिथे आजही सांगतात. ती जपानी लोककथांतल्या बिनचेहऱ्याच्या भुताचीच बहीण. अंगावर काटा येण्याला तिथल्या बोलीत 'चिकन स्किन' म्हणतात, आणि हा शब्द हवाईयन, जपानी, फिलिपिनो अशा सगळ्या घरांतली मुलं वापरतात. ग्लेन ग्रँट या अभ्यासकाने अशा आठवणी अनेक वर्षं गोळा केल्या.

१९७० च्या दशकात हवाईयन संस्कृतीचं पुनरुज्जीवन सुरू झालं आणि चित्रांचा रोख बदलला. हर्ब कावाइनुइ काने (१९२८-२०११) यांचं बालपण काही काळ वाइपिओ खोऱ्यात आणि हिलोत गेलं. मृतांचा राजा मिलू याच्या पाताळाचं दार वाइपिओत आहे असं परंपरा सांगते. अशा जागी वाढलेल्या माणसाच्या चित्रांत पेले, जुने सरदार आणि नावा घरच्या माणसांसारख्या येतात, हे मला स्वाभाविक वाटतं. नंतरच्या पिढीतल्या सॉलोमन एनोस यांनी हिइआकाच्या त्याच वर्तमानपत्री कथेच्या ग्रंथरूपासाठी चित्रं काढली. शंभर वर्षांपूर्वी अक्षरांत जपलेली भुतं अशी रंगांत आली.

२००३ मध्ये हिचकॉकच्या पेलेच्या जागी नवं चित्र निवडण्यासाठी व्होल्कॅनो आर्ट सेंटरने स्पर्धा घेतली. १४० हून अधिक चित्रं आली. निवड झाली ती पुना भागातल्या आर्थर जॉन्सन यांच्या पेलेची. लालबुंद छटांतल्या त्या पेलेच्या एका हातात जमीन खणायची काठी आहे. दुसऱ्या हातात अजून न जन्मलेली हिइआका आहे, काहिकी या पूर्वजांच्या मूळ देशाहून समुद्र ओलांडताना थोरल्या बहिणीने ऊब देत सांभाळून आणलेली.