लाल वर, निळा खाली

एका परिचितांकडे इमारी पद्धतीची, म्हणजे चिनी मातीवर निळी-लाल नक्षी असलेली, जुनी जपानी ताटली आहे. मी तिच्यावर नख फिरवून पाहिलं. निळ्या पानांवरून ते गुळगुळीत घसरतं, लाल शेवंतीवर मात्र किंचित अडतं. दोन्ही रंग एकदमच लावून भाजले असतील अशी बहुतेकांची समजूत असते. तसं नसतं.

निळा कोबाल्टचा. त्याचे आयन (विद्युतभारित अणू) झिलईच्या काचेत विरघळतात आणि विरघळूनच रंग देतात. त्यामुळे झिलईखाली लावून 1300 अंश सेल्सिअसला भाजला तरी तो टिकतो. लाल म्हणजे फेरिक ऑक्साइड, तुळशीवृंदावनाला लावतो तोच गेरू. हा लाल दिसतो तो कणांच्या रूपात. एवढ्या उष्णतेत कण विरघळतात, त्यात भट्टीत ऑक्सिजन कमी असला तर लोहाचं क्षपण होतं, म्हणजे त्यातला ऑक्सिजन कमी होतो, आणि लालाऐवजी फिकट हिरवट छटा उरते. म्हणून भांडं आधी पूर्ण भाजायचं. मग लवकर वितळणाऱ्या शिशाच्या काचेच्या पुडीत गेरू खलून वर चित्र काढायचं आणि 800 अंशांच्या आसपास पुन्हा भाजायचं. काच वितळते, कण तिच्यात अडकून राहतात.

कण मात्र बारीक हवेत. 100 नॅनोमीटरच्या आसपासचे कण निळा-हिरवा प्रकाश शोषून नारिंगी झाक असलेला लाल परत पाठवतात. कण एका मायक्रोमीटरच्या, म्हणजे 1000 नॅनोमीटरच्या, पुढे गेले की त्यांच्यात लालही शोषला जातो आणि रंग जांभळट पडतो. नुसतं दगड कुटून इतकी बारीक पूड मिळणं कठीण. जपानच्या ओकायामा प्रांतातल्या फुकिया गावात ती हिराकस (लोहाचा हिरवट क्षार) भाजून, पाण्यात वारंवार धुऊन करत. जपानीत तिला बेंगारा म्हणतात. हे नाव बंगालवरून पडलं.

या लालाचं सोनं केलं ते जपानमधल्या आरिता गावच्या काकिएमोन या कुंभार घराण्याने, 17व्या शतकाच्या मध्यापासून. प्लमची एक फांदी, खाली दोन लावे पक्षी, बाकी ताट मोकळं. ते मोकळेपण मला फुलांहून देखणं वाटतं. तो पांढराही खास, तांदळाच्या धुवणासारखा, नाव निगोशिदे. मध्यंतरी ती कृती हरवली होती, घराण्यातल्या 12व्या आणि 13व्या काकिएमोनने (हे नाव प्रमुखाकडून प्रमुखाकडे जातं) 1953 साली ती पुन्हा साधली. त्याआधीच, 18व्या शतकात, जर्मनीतल्या माइसेन आणि इंग्लंडमधल्या चेल्सी या चिनी मातीच्या कारखान्यांनी ते लावे उचलले होते.

हल्ली अशी नक्षी ‘सकारात्मक ऊर्जे’च्या नावाने विकतात. रंगीत काचेत तसली ऊर्जा नसते. जुन्या भांड्यांवरच्या रंगात शिसं मात्र असतं आणि आंबट पदार्थात ते उतरतं. त्यांत लोणचं किंवा सोलकढी वाढू नका.