मोनॅकोचा वेग पॅरिसला का पुरला नाही

१२ जुलै २०२४ च्या संध्याकाळी मोनॅकोच्या लुई द्वितीय स्टेडियममध्ये नॉर्वेचा याकोब इंगेब्रिग्टसेन १५०० मीटर ३ मिनिटे २६.७३ सेकंदांत धावला. त्याने स्वतःचाच युरोपीय विक्रम मोडला आणि दुसरा आलेला केनियाचा टिमोथी चेरुइयॉट त्याच्यापासून जवळजवळ दोन सेकंद मागे राहिला. पंचवीस दिवसांनी, ६ ऑगस्टला, पॅरिस ऑलिंपिकच्या फायनलमध्ये हाच इंगेब्रिग्टसेन चौथा आला. वेळ होती ३:२८.२४. टोकियोत त्याने स्वतः केलेल्या ऑलिंपिक विक्रमापेक्षा (३:२८.३२) ही वेळ सरस होती, तरी पदक हुकलं. अमेरिकेच्या कोल हॉकरने ३:२७.६५ मध्ये सुवर्ण नेलं, ब्रिटनचा जॉश कर ३:२७.७९ आणि अमेरिकेचाच यारेड नुगूस ३:२७.८०.

हॉकरची सुवर्णपदकाची वेळसुद्धा इंगेब्रिग्टसेनच्या मोनॅकोतल्या वेळेपेक्षा जवळपास एक सेकंदाने जास्त आहे. मग तो हरला कसा? तब्येत बिघडली होती म्हणावं, तर चार दिवसांनी त्याच ट्रॅकवर त्याने ५००० मीटरचं सुवर्ण जिंकलं. ‘दडपण आलं’ हे उत्तर सोपं आहे, पण मला ते पटत नाही. खरं उत्तर शरीरशास्त्रात, हवेच्या रोधात आणि थोड्याशा भूमितीत आहे.

१५०० मीटर हे अंतर शरीराच्या दृष्टीने अडनिडं आहे. या पातळीवर ते ताशी सुमारे २६ किलोमीटर वेगाने धावलं जातं, म्हणजे ४०० मीटरची प्रत्येक फेरी साधारण ५५ सेकंदांत. आपल्याकडच्या बहुतेक शालेय स्पर्धांत ४०० मीटर ५५ सेकंदांत पळणारा मुलगा पहिला येईल. इथे तशा पावणेचार फेऱ्या सलग मारायच्या असतात.

इतकी ऊर्जा दोन वाटांनी येते. एक वाट प्राणवायूची. ती शाश्वत आहे, पण तिला कमाल मर्यादा आहे आणि ती पूर्ण सुरू व्हायलाही वेळ लागतो. बंदुकीचा आवाज होताच पाय पूर्ण वेगात जातात, मात्र हृदय-फुप्फुसांचा पुरवठा शिगेला पोहोचेपर्यंत पाऊण मिनिट ते एक मिनिट निघून जातं. दुसरी वाट प्राणवायूविना चालते. स्नायूंतलं फॉस्फोक्रिएटिन आणि साठवलेली साखर झटपट मोडून ती ऊर्जा देते. स्पेन्सर आणि गॅस्टिन या संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत प्राणवायूचा वाटा ४०० मीटरमध्ये सुमारे ४३ टक्के, ८०० मध्ये ६६ टक्के आणि १५०० मध्ये ८४ टक्के निघाला. म्हणजे ही शर्यत मुख्यतः दमाची आहे. पण फायनलमध्ये उतरलेल्या बाराही जणांचा दम जवळजवळ सारखाच असतो. निकाल लागतो तो उरलेल्या १६ टक्क्यांवर.

या १६ टक्क्यांकडे गंगाजळी म्हणून पाहिलं की शर्यत समजायला लागते. प्राणवायूवर पेलवेल त्याहून जास्त वेग ठेवला की गंगाजळीतून खर्च सुरू होतो. जितका वेग जास्त, तितका उपसा जास्त. त्या मर्यादेच्या खाली आल्याशिवाय त्यात काही परत जमा होत नाही आणि जागतिक पातळीवरच्या १५०० मध्ये खाली यायला सवड नसते. त्यामुळे सुरुवातीला ज्याने जास्त उधळलं, त्याच्याकडे शेवटच्या शंभर मीटरला कमी उरतं.

गंगाजळी आटताना पायात काय होतं? ‘लॅक्टिक ॲसिड साचलं म्हणून पाय जड झाले’ असं मैदानावर सर्रास म्हटलं जातं. यात लॅक्टेटवर, म्हणजे शरीरात हे ॲसिड ज्या रूपात असतं त्यावर, अन्याय होतो. लॅक्टेट हे इंधन आहे, हृदय आणि इतर स्नायू ते आवडीने वापरतात. शेवटच्या सरळ पट्ट्यात धावपटूचे खांदे वर चढतात, मान ताठ होते, पाऊल आखडतं. त्यामागे स्नायूंत वाढलेले हायड्रोजनचे आयन आणि फॉस्फोक्रिएटिन मोडल्यावर सुटणारं फॉस्फेट आहे. दोन्ही मिळून आकुंचनाची ताकद कमी करतात. मेंदूचा हुकूम तोच असतो, स्नायू मात्र तो पूर्ण पाळू शकत नाही.

आता हवा. ताशी २६ किलोमीटर वेगाने धावताना वारा पडलेला असला तरी समोरून तितकाच वारा अंगावर येतो. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांनी १९७१ मध्ये ट्रेडमिलवर धावणाऱ्यासमोर वारा सोडून त्याला लागणारा प्राणवायू मोजला. (१९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत गिर्यारोहकांच्या प्राणवायूचं गणित मांडणारे ते हेच प्यू.) सेकंदाला ६ मीटर वेगाने धावताना एकूण ऊर्जेपैकी सुमारे साडेसात टक्के ऊर्जा निव्वळ हवा कापण्यात जाते आणि दुसऱ्याच्या मागे एक मीटरवर धावलं तर त्यातली बहुतेक वाचते, असं त्यांना आढळलं. पॅरिसमधला वेग सेकंदाला ७.२ मीटर होता. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे प्यू यांच्या प्रयोगातल्या रोधाच्या जवळजवळ दीडपट. पुढच्या काही अभ्यासांत बचतीचा आकडा यापेक्षा कमी आला आहे. पण सोनं आणि चौथा क्रमांक यांत ०.५९ सेकंदाचंच अंतर असेल, तर दोन टक्केसुद्धा निर्णायक ठरतात.

म्हणून मोनॅकोसारख्या उन्हाळी मीटमध्ये आयोजक पेसमेकर ठेवतात. ठरलेल्या वेगाने पुढे धावायचं, मागच्यांना हवेपासून आडोसा द्यायचा आणि आपलं अंतर संपलं की बाजूला व्हायचं, एवढंच त्यांचं काम. अलीकडे ट्रॅकच्या आतल्या कडेला दिव्यांची माळही असते. ठरवलेल्या वेगाने प्रकाश पुढे सरकत राहतो, त्यामुळे वेगाचा अंदाज चुकण्याची धास्ती राहत नाही. समुद्राकाठची निवांत संध्याकाळ, पुढे पेसमेकर, कडेला दिवे आणि शर्यतीतल्या सगळ्यांनाच वेगवान वेळ हवी असते. हिशाम एल गेरूजने १४ जुलै १९९८ रोजी रोममध्ये केलेला ३:२६.०० हा विश्वविक्रमही अशाच मीटमधला, पेसमेकरच्या आडोशाने सुरू झालेला आहे. पाव शतक उलटून गेलं तरी तो उभा आहे.

आडोशाचं माहात्म्य अवाच्या सवा वाढवू नये, हेही सांगितलं पाहिजे. २०२५ च्या जूनमध्ये पॅरिसच्या शार्लेती स्टेडियममध्ये केनियाच्या फेथ किप्येगॉनने एक मैल चार मिनिटांच्या आत धावण्याचा प्रयत्न केला. पुढे आणि मागे पेसमेकरांची नीट आखलेली रचना होती. हवेचा रोध पुरेसा कमी केला तर हे साधेल, असं गणित संशोधकांनी आधी मांडलं होतं. प्रत्यक्षात ती ४ मिनिटे ६ सेकंदांच्या घरात आली. मोनॅकोत २०२३ मध्ये केलेल्या तिच्या ४:०७.६४ या विश्वविक्रमापेक्षा हे चांगलंच, पण कागदावरची बचत हलत्या, डुलत्या, पाय मारणाऱ्या माणसांच्या घोळक्यात पूर्णपणे हाती लागत नाही, असं मला यातून दिसतं.

ऑलिंपिकमध्ये पेसमेकर नसतो आणि दिवेही नसतात. कुणीतरी पुढे धावायचं असतं आणि जो पुढे धावतो तो उरलेल्या अकरा जणांना फुकट आडोसा देतो.

हे इंगेब्रिग्टसेनला ठाऊक नव्हतं असं नाही. २०२२ च्या युजीनमधल्या जागतिक स्पर्धेत तो पुढे होता आणि शेवटच्या दोनशे मीटरमध्ये जेक वाइटमनने त्याला गाठलं. २०२३ ला बुडापेस्टमध्ये तेच घडलं, या वेळी जॉश करकडून. तरी तो पुढेच का धावतो? कारण त्याचं बळ वेगळ्या ठिकाणी आहे. नॉर्वेजियन पद्धतीत एकाच दिवशी सकाळ-संध्याकाळ उंबरठ्याच्या वेगावर, म्हणजे ज्याच्या पुढे रक्तात लॅक्टेट झपाट्याने साचू लागतं त्या वेगावर, सराव करतात. मध्येच बोटातून किंवा कानाच्या पाळीतून रक्ताचा थेंब काढून लॅक्टेट मोजतात आणि ते वाढलं की वेग उतरवतात. अशा सरावाने प्राणवायूवर पेलवणारा वेग कमालीचा वर जातो. शेवटच्या शंभर मीटरची झेप मात्र कर किंवा हॉकरची जास्त धारदार आहे. शर्यत संथ गेली तर इंगेब्रिग्टसेन हरणार हे जवळपास नक्की. त्यामुळे आधीच वेग इतका चढा ठेवायचा की शेवटाला येईपर्यंत इतरांची गंगाजळी संपावी, हाच त्याच्यापुढचा शहाणपणाचा मार्ग होता. मला ती चाल धाडसी वाटते आणि चुकीची वाटत नाही.

चुकलं ते प्रमाण. पॅरिसमध्ये पहिले ४०० मीटर त्याने ५५ सेकंदांच्या आत घेतले. मोनॅकोतल्या वेळेची फेरीमागे सरासरी काढली तर ५५.१ सेकंद येते. म्हणजे पॅरिसमध्ये तो मोनॅकोच्या वेगाने निघाला, पण पुढे पेसमेकर कुणीच नव्हता. प्राणवायूचा पुरवठा अजून पूर्ण सुरू झालेला नसताना, हवा स्वतः कापत मारलेली ही फेरी गंगाजळीला सर्वांत महाग पडते. सुरुवात फार वेगवान झाली हे त्याने शर्यतीनंतर स्वतःच मान्य केलं. त्याच्यामागे लागलेल्यांची फेरीही तितकीच वेगवान होती, पण त्यांना ती स्वस्त पडली. कर आणि हॉकर दोघेही त्या दिवशी त्यांच्या आयुष्यातली सर्वांत वेगवान शर्यत धावले. हॉकरने तर आपली सर्वोत्तम वेळ जवळपास तीन सेकंदांनी सुधारली. एका अर्थाने इंगेब्रिग्टसेन त्यांचा पेसमेकर झाला.

शेवटची फेरी संथ गतीत पुन्हा पाहण्यासारखी आहे. शेवटच्या वळणात हॉकरने आतून घुसायचा प्रयत्न केला. इंगेब्रिग्टसेन कडेला चिकटून होता, जागा मिळाली नाही, हॉकरला पाऊल आवरावं लागलं. सरळ पट्ट्यात शिरल्यावर बाहेरून कर आला. त्याला अडवताना इंगेब्रिग्टसेन थोडा उजवीकडे सरकला आणि मागची आतली फट उघडली. हॉकर पुन्हा त्याच फटीत घुसला आणि या वेळी निघून गेला.

आत राहणं इतकं मोलाचं का, याचा हिशेब शाळेतल्या भूमितीत आहे. ट्रॅकची एक फेरी म्हणजे पूर्ण ३६० अंश वळणं. तुम्ही आतल्या मार्गापासून जितके बाहेर, त्याच्या सव्वासहा पट (२ गुणिले पाय) जास्त अंतर फेरीमागे धावावं लागतं. एक मीटर बाहेर राहिलात तर ६.२८ मीटर, म्हणजे एका वळणाला ३.१४ मीटर. १५०० मीटरमध्ये सात वळणं असतात. सातही वळणं एक मीटर बाहेरून घेणारा तब्बल २२ मीटर जास्त धावतो, म्हणजे या वेगाने तीन सेकंद. हॉकर आणि कर यांच्यात शेवटी सुमारे एक मीटरचं अंतर होतं. आत राहिलं तर कोंडी होते, बाहेर राहिलं तर अंतर वाढतं, पुढे राहिलं तर हवा कापावी लागते. आरामाची जागा ट्रॅकवर कुठेच नाही, पण सर्वांत महागडी जागा पहिली.

पॅरिसनंतर १९ दिवसांनी, २५ ऑगस्टला, पोलंडच्या सायलेशियातल्या मीटमध्ये इंगेब्रिग्टसेनने ३००० मीटर ७:१७.५५ मध्ये धावून डॅनियल कोमेनचा १९९६ चा विश्वविक्रम तीन सेकंदांहून अधिक फरकाने मोडला. तिथे पेसमेकर होते.

या सगळ्या हिशेबात अविनाश साबळेची ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे वाटेतले अडथळे ओलांडत धावायची शर्यत, आणखी एक अडचण घालते. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा लष्करी जवान २०१८ मध्ये भुवनेश्वरला ८:२९.८० धावला, तेव्हा गोपाळ सैनी यांचा ३७ वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. देशातल्या शर्यतींत त्याच्या वेगाचा दुसरा कुणी नसल्याने तो बहुतेक वेळा एकटाच पुढे धावत असे. ७ जुलै २०२४ ला पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये, जगातल्या अव्वल धावपटूंच्या घोळक्यात, तो ८:०९.९१ धावला आणि सहावा आला. या वीस सेकंदांत सहा वर्षांच्या मेहनतीचा वाटा मोठा आहेच, पण सोबतीला वेगवान घोळका मिळाल्याचाही आहे, असं मला वाटतं. म्हणून आपल्या मध्यम पल्ल्याच्या धावपटूंना दर उन्हाळ्यात युरोपातल्या मीटना पाठवण्यावर केलेला खर्च मला सरावावरच्या खर्चाइतकाच आवश्यक वाटतो. आपल्या राष्ट्रीय स्पर्धांत वेगवान सोबत मिळेपर्यंत तरी.

पण स्टीपलचेसमध्ये दुसऱ्याच्या पाठीला चिकटून धावलं की समोरचा अडथळा उशिरा दिसतो. पुरुषांसाठी तो ९१.४ सेंटिमीटर उंच असतो आणि आपटला तरी पडत नाही. पाऊल चुकलं तर वेग जातो किंवा धावपटूच कोसळतो. त्यामुळे अडथळा जवळ आला की मागचे थोडे बाहेर सरकून वाट मोकळी करून घेतात, आणि मग भूमितीचा हिशेब सुरू होतो. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत साबळेचं सुवर्ण अब्राहम किबिवोटने ०.०५ सेकंदांनी हिरावलं, ८:११.१५ विरुद्ध ८:११.२०. त्या वेगाने ०.०५ सेकंद म्हणजे तीस सेंटिमीटर. एका फेरीत सरासरी पाच सेंटिमीटर बाहेरून धावलं की तेवढं अंतर जातं.