आडनाव रक्ताचं की दप्तराचं?

1950 च्या जनगणनेत अमेरिकेनं नैर्ऋत्येकडच्या पाच राज्यांत गोऱ्या रहिवाशांमधली स्पॅनिश आडनावं वेगळी मोजली. मेक्सिकन वंशाचे लोक किती, याचा अंदाज घ्यायचा हा सोपा मार्ग. मोजणी गोऱ्यांपुरतीच ठेवली म्हणून बरं, नाहीतर फिलिपिनोंचे थवेच्या थवे त्या यादीत जाऊन बसले असते. त्यांच्यातही सांतोस, रेयेस, गार्सिया भरपूर आहेत. पण त्यांतल्या बहुतेकांचा स्पेनशी रक्ताचा संबंध नाही. संबंध आहे तो एका हुकुमाचा.

नार्सिसो क्लावेरिया हा फिलिपिन्सचा स्पॅनिश गव्हर्नर जनरल. तिथल्या कारभारात त्याला एकच गोंधळ सगळीकडे दिसला. लोक बाप्तिस्म्यानंतर वाटेल त्या संताचं नाव पुढे लावत. एका घरातल्या भावाभावांची आडनावं वेगळी, आणि शेजारच्या गावात मात्र एकमेकांशी काही नातं नसलेले शेकडो ‘दे ला क्रूस’. कर कुणाकडून वसूल करायचा आणि समन्स कुणावर बजावायचं? नोव्हेंबर 1849 मध्ये त्यानं आदेश काढला आणि आडनावांची एक जाडजूड वर्णानुक्रमी सूची छापून घेतली. तीत सुमारे 61,000 शब्द होते. सगळे स्पॅनिश नव्हते. स्थानिक भाषांतले शब्द होते, झाडाझुडपांची आणि गावांची नावंही होती.

सूचीची पानं प्रांताप्रांतांत वाटली गेली, तिथून ती गावोगाव पोहोचली. घरातल्या कर्त्या माणसानं वाट्याला आलेल्या पानातून एक शब्द उचलायचा, किंवा अधिकारी देईल तो घ्यायचा. चार पिढ्या एकच आडनाव चालत आलं असेल, तर ते ठेवायला मुभा होती. शाळामास्तरांनाही ताकीद होती, की पोरांनी एकमेकांना याच नव्या आडनावानं ओळखलं पाहिजे! वाटप इतकं यांत्रिक होतं, की जुन्या अल्बाय प्रांताच्या मुख्य गावात ‘ए’नं सुरू होणारी आडनावं, किनाऱ्यानं पुढे गेलं की ‘बी’, मग ‘सी’, अशी अख्खी मुळाक्षरं नकाशावर मांडल्यासारखी पसरली. ओआस या गावात ‘आर’ची आडनावं आजही खोऱ्यानं सापडतात. म्हणजे तिथलं आडनाव वंश सांगत नाही, पण खापरपणजोबांचं गाव बऱ्यापैकी सांगतं.

तुर्कस्तानात हेतूच वेगळा होता. 1934 च्या कायद्यानं प्रत्येकाला आडनाव सक्तीचं केलं. राष्ट्राध्यक्ष मुस्तफा केमाल ‘अतातुर्क’ झाले ते त्याच वर्षी. मात्र जमातींची नावं आणि परकी आडनावं घ्यायला बंदी होती. नियमांत तर शेपट्यांची यादीच होती: आर्मेनियनांचं ‘-यान’, स्लावांचं ‘-ऑफ’, ग्रीकांचं ‘-पुलोस’ चालणार नाही. त्यामुळे ‘ओझतुर्क’, म्हणजे अस्सल तुर्क, हे आडनाव आज कुर्द माणसाचंही असू शकतं. इथं आडनावानं ओळख पटवायची नव्हती, पुसायची होती.

याउलट धंद्यावरून पडलेल्या आडनावांना हुकूम लागला नाही. इंग्रजांचा स्मिथ, जर्मनांचा श्मिट, हंगेरीचा कोवाच, अरबांचा हद्दाद, सगळे लोहारच. भाषा कळते, जात-धर्म कळेलच असं नाही. हद्दाद ख्रिस्ती असतो तसा मुसलमानही असतो. रोमन लिपीत तर आणखी गंमत. अमेरिकन यादवीतला सेनापती रॉबर्ट ली आणि कुंगफूवाला ब्रूस ली यांचं आडनाव अक्षरशः एकच, पण मूळ एकाचं इंग्रजी, दुसऱ्याचं चिनी.

सर्वांत जास्त फसवणूक मला वाटतं जर्मन आडनावांनी केली. ऑस्ट्रियाचा राज्यकर्ता दुसरा जोसेफ यानं 1787 मध्ये ज्यूंना कायमचं जर्मन आडनाव घ्यायला लावलं. इतर जर्मन राज्यांतही पुढे तेच झालं. कालांतरानं रोझेनबर्गसारखी आडनावं ऐकली, की लोक ज्यू समजू लागले. वास्तविक ती ख्रिस्ती जर्मनांतही होती. ज्यूद्वेषाचं तत्त्वज्ञान लिहून काढणाऱ्या आणि 1946 मध्ये न्यूरेम्बर्गला फासावर गेलेल्या नाझी पुढाऱ्याचं नाव होतं आल्फ्रेड रोझेनबर्ग.