शुभेच्छापत्र, उठावलेपाचे

स्टेन्सिलच्या छिद्रांतून घट्ट लेप कागदावर ओढून, वाळल्यावर उरणाऱ्या उठावाने सजवलेले हस्तनिर्मित शुभेच्छापत्र. या लेपाला बाजारात ‘एम्बॉसिंग पेस्ट’ म्हणतात; नाव मात्र काटेकोर नाही. एम्बॉसिंगमध्ये कागद साच्यात दाबून त्याचाच पृष्ठभाग वर आणतात. येथे कागद सपाटच राहतो आणि वर भर पडते. म्हणून उठावाची उंची दाबावर नव्हे, स्टेन्सिलच्या जाडीवर ठरते.

लेपाने उठाव आणण्याच्या रीतीचा उगम इटलीतील पास्तिल्या, बीकानेरचे उस्ता काम (सोनेरी उठावाची नक्षी) किंवा म्हैसूर व तंजावर चित्रांतील वर्खाखालची भर यांत शोधता येईल. पण तेथे लेप बहुधा कुंचल्याने चढवतात. मथुरेच्या सांझीत, म्हणजे कातरलेल्या कागदातून चित्र उतरवण्याच्या कलेत, छिद्रित कागद आहे, तर लेप नाही. जपानी कातागामी या छिद्रित कागदातून तांदळाची खळ कापडावर ओढण्याची काताझोमे ही रीत प्रक्रियेने सर्वांत जवळची ठरते. तरीही थेट वारशापेक्षा समांतर वाढ मानणे अधिक सयुक्तिक. विदर्भातील घरांत रांगोळीच्या छापांमुळे छिद्रातून आकृती उतरवण्याची सवय हाताला असतेच. हातकागदाचा संबंधही जुना आहे : हातकागदासारख्या उद्योगांना चालना देणाऱ्या, १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे केंद्र वर्ध्याच्या मगनवाडीत होते.

तयार पेस्ट तालुक्याच्या गावी मिळेलच असे नाही. घरच्या लेपासाठी वस्त्रगाळ व्हायटिंग पावडर (खडूची भुकटी) २ चमचे, फेव्हिकॉल १ चमचा व पांढरा अ‍ॅक्रिलिक रंग अर्धा चमचा घोटावा. चमचा उलटा धरला तरी न गळणारा, चक्क्यासारखा लेप योग्य. पाणी लागलेच तर थेंबाथेंबाने घालावे. प्लास्टर ऑफ पॅरिस वापरू नये. ते वाटीतच आवळते. भिंतीची पुट्टी कार्ड वाकताच तडकते.

स्टेन्सिलसाठी जुनी एक्स-रे फिल्म उत्तम. ब्लीचच्या पाण्यात तिचा काळा थर सुटतो, हातमोजे घालावेत. तिची जाडी सुमारे ०.१८ मिमी असते आणि पाणी उडाल्यावर उठाव त्याहून कमी उरतो. ठळकपणा हवा असल्यास पहिला थर पूर्ण वाळवून, कोपऱ्यांच्या खुणांवर स्टेन्सिल पुन्हा बसवून दुसरा ओढावा. कापताना ‘दुवे’, म्हणजे आतला भाग बाहेरच्याशी जोडून ठेवणाऱ्या अरुंद पट्ट्या, राखणे महत्त्वाचे : पोळ्याच्या बैलाच्या झुलीवर वर्तुळात वर्तुळ काढले, तर दुव्यावाचून आतला तुकडा गळून पडतो.

२५० ते ३०० जीएसएमच्या (ग्रॅम प्रति चौरस मीटर), न चकाकणाऱ्या कार्डावर स्टेन्सिल मास्किंग टेपने चारी बाजूंनी पक्की करावी. जुन्या एटीएम कार्डाची कड तिरपी धरून लेप एकाच दिशेने ओढावा. परत-परत फिरवल्यास तो कडेखाली शिरतो. खडबडीत हातकागदावर हा धोका अधिक, कारण स्टेन्सिल नीट टेकत नाही. मग लेप ओला असतानाच एक कड धरून स्टेन्सिल सावकाश उचलावी व लगेच धुवावी. छिद्रात वाळलेला कण पुढच्या पाकळीची कड खातो.

एप्रिल-मेमध्ये, वर्धा-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांपुढे जातो तेव्हा, लेपावर काही मिनिटांत साय धरते आणि स्टेन्सिल उचलताना कड फाटते. काम सकाळी, पंखा बंद ठेवून करावे. उन्हात वाळवल्यास जाड लेपाला भेगा पडतात. पावसाळ्यात रात्रभर वाळू द्यावे. कार्ड वाकलेच तर पूर्ण वाळल्यावर पालथे घालून, खाली मऊ कापड पसरून, वर हलके वजन ठेवावे.

पळसाची फुले, कापसाचे बोंड, दसऱ्याची आपट्याची पाने हे आकार या तंत्राला मानवतात. बारीक अक्षरे मानवत नाहीत. प्लास्टिकच्या पाकिटात घालण्यापूर्वी उठावावर बटर पेपर ठेवावा, नाहीतर उकाड्यात फेव्हिकॉल मऊ होऊन पाकिटाला चिकटतो.